चौथा वाटा दर्याचा

अंदमानला जायला किती खर्च येतो, हे चिंचोकेमावशी चिंचोक्यांनी सांगायची. एक चिंचोका म्हणजे एक हजार रुपये. गिऱ्हाईक समोर बसलं की ती मांडीवरचा पत्र्याचा डबा उघडायची आणि बाजारात कोळंबीचे वाटे घालतात तसे टेबलावर चिंचोक्यांचे वाटे घालायची. पहिला वाटा जाण्यायेण्याचा, दुसरा राहण्याखाण्याचा, तिसरा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेणाऱ्या बोटींचा. चौथा वाटा दर्याचा. "हा खर्चायचा नाय," ती बजावायची. "वारा सुटला, बोट बंद झाली, तर त्याला द्यायला."

मावशी मूळची अर्नाळ्याची. तिने तीसेक वर्षं माणिकपूरला मासळी विकली. मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि तिच्या सुनेने, सुमनवहिनीने, तिला आपल्या ऑफिसात आणून बसवलं. ऑफिस म्हणजे रिक्षा स्टँडसमोरचा एक गाळा. वहिनी तिथून लोकांच्या सहली ठरवून द्यायची आणि मी कॉम्प्युटरवर अंदाजपत्रकं करायचे. मी नुकतीच बी.कॉम. झालेले. जगातले सगळे हिशेब आपल्याला येतात अशी माझी खात्री होती, आणि टेबलावर सांडलेले ते चिंचोके पाहून माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या. कित्येकदा की-बोर्डाखालून एखादा निघायचा.

तिला लिहायवाचायला येत नव्हतं, पण माणसं वाचता येत होती. दारातून जोडपं आत आलं की ती माझ्या कानात सांगायची, "हिला बोट लागनार बघ." खात्री करून घ्यायला ती लोकांना आधी अर्नाळ्याच्या किल्ल्यावर पाठवायची. "होडीत बसून पलीकडं जाऊन या. पोटातलं पोटात राहिलं तर अंदमानाचं बोलू." पाच-दहा मिनिटांच्या त्या होडीत बसून माणसं खरंच जाऊन यायची आणि परत येऊन निकाल सांगायची.

'पॅकेज' या शब्दावर तिचा भारी राग. "पॅकेज म्हंजे वर पापलेट, खाली शिळे बांगडे. पाटी उलटी केल्याबिगर कोनाला कलत नाय." माझे छापील कागद ती हातात धरून लांबून न्याहाळायची. "कागद गोरा हाय गो तुझा," म्हणायची. ही स्तुती नव्हती, हे समजायला मला सहा महिने लागले.

एकदा मी चिडून विचारलं, "मावशी, बोटी काय रोज बंद पडतात? लोकांना उगाच घाबरवतेस कशाला?"

ती शांतपणे म्हणाली, "होडी परत आली की आमच्यात मासलीचे वाटे पडतात. होडीचा, जाल्याचा, खलाशांचा. दर्याचा वाटा कोन धरतो? कोन नाय. मंग तो सोताच काढून घेतो."

मला ते बोलणं आवडलं, पण पटलं नाही.

त्याच वर्षी मी माझ्या आई-बाबांना अंदमानला पाठवायचं ठरवलं. आमची नंदाखालला केळीची लहानशी बाग. लग्न झाल्यापासून आई कधी चार दिवस घराबाहेर राहिली नव्हती. कुणाच्या लग्नाला गेली तरी संध्याकाळी पाणी लावायला परत. तिने ऑफिसातल्या पोस्टरवर नील बेटाचा फोटो पाहिला होता आणि मला हळूच विचारलं होतं, "हे पाणी खरंच असं असतं का गं?" माझ्या पगारातले आणि बाबांनी बाजूला टाकलेले मिळून नव्वद हजार झाले. मी हिशेब केला. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, तिन्ही ठिकाणं नव्वदात अगदी चपखल बसत होती.

मावशीने नव्वद चिंचोके मांडले. तीन वाटे झाले आणि नव्वदही संपले.

"चौथा कुठं हाय?"

"बसत नाही मावशी."

"मंग एक बेट काढ. नील काढलंस की पंधरा सुटतात."

"नीलच तर आईला बघायचंय!"

चिंचोके डब्यात भरताना मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं, तेवढंच. मी बुकिंग केलं. सहलीआधी बाबांनी शेजाऱ्याला पाण्याच्या पाळ्या तीन तीनदा समजावल्या, आणि आईने पहिल्यांदाच स्वतःसाठी नवी चप्पल घेतली.

सहाव्या दिवशी आईचा फोन आला. नीलवर वारा सुटला होता, बोटी बंद होत्या, आणि दुसऱ्या दिवशीचं विमान पोर्ट ब्लेअरहून होतं. "बाबांच्या खिशात अकराशे रुपये आहेत," आई म्हणाली. ती रडत नव्हती. मला धीर वाटावा म्हणून हळू आवाजात बोलत होती, आणि त्यानेच माझा धीर सुटला. माझ्या खात्यात महिनाअखेरीची शिल्लक होती, म्हणजे काहीच नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले. आईला आयुष्यात एकदा बाहेर काढलं, तेही असं अडकवायला!

मावशीने पाठीशी ठेवलेल्या उशीखालून एक दुसरा डबा काढला. त्यात चिंचोके नव्हते, नोटा होत्या, घड्या घातलेल्या. पंधरा हजार मोजून तिने वहिनीपुढे ठेवले. "धाड त्या फोनवरून तिच्या बापाला." आणि मला म्हणाली, "तू चौथा काढला नाय, म्हनून मी काढून ठेवलेला. ऊठ, तोंड धू."

त्या पैशात नवी तिकिटं आली, दोन रात्रींच्या खोलीचंही भागलं. ते पैसे कसले होते, हे वहिनीने मला नंतर सांगितलं. इतकी वर्षं लोकांची बेटं मांडून मावशीला स्वतः एकदा तिथे जायचं होतं, आणि त्यासाठी ती मागे टाकत होती. कुणाला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या कोळणीला समुद्र बघायला विमानाने जायचंय म्हटलं तर लोक हसतील, असं तिला वाटायचं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

आई परत आली ती सरळ ऑफिसात. मावशीचे हात धरून म्हणाली, "अहो, ते अडकलेले दोन दिवसच खरे. बघायचं सगळं बघून झालेलं, जायला कुठे नाही, रांधायचं नाही, पाणी लावायचं नाही. आम्ही दोघं नुसते वाळूत बसून बोलत होतो. तीस वर्षांत एवढं बोललो नव्हतो." आईने 'बोलत होतो' म्हटल्यावर मावशीने पदराने उगाचच डबा पुसला.

पुढच्या वर्षभरात मी तिचा डबा भरून दिला. मग एका दुपारी वहिनीने आणि मी तिला टेबलापाशी बसवलं, आणि चिंचोके मी मांडले. जाण्यायेण्याचा वाटा, राहण्याखाण्याचा, बोटींचा. चौथा पंधराचा घातला. मावशीने तो बघितला, मान हलवली आणि दुसऱ्या वाट्यातून मुठीने चिंचोके उचलून चौथ्यात टाकले.

"मावशी, खोली साधी मिळेल मग."

"मिलू दे. तुझ्या आईवानी दोन दिस आमालाबी अडकू दे की."

मावशीला देवाघरी जाऊन आता दोन वर्षं झाली. मी अजून त्याच गाळ्यात बसते, आता वहिनीची भागीदार म्हणून. माझी अंदाजपत्रकं आजही छापील असतात, पण कुणी बेटांचं विचारलं की आधी डबा उघडते. नवीन लग्न झालेली मुलं हसतात, मोबाइलवर फोटो काढतात, आणि चौथा वाटा ठेवतात.

तिची आठवण आली की मला तिने तिच्या सहलीत नीलवरून केलेला फोन ऐकू येतो. सुनेच्या शेजारी वाळूत बसून ती बोलत होती, मागे वारा घोंघावत होता. आणि ताजा बांगडा आला की बाजारात ज्या आवाजात ओरडायची, त्याच आवाजात ती ओरडली, "पोरी, बोट बंद झाली गो! आज कोनी कुठं जायचं नाय!"