साताऱ्याचं नितळ पाणी आणि माझा जळफळाट

माझ्या धाकट्या बहिणीला, रूपालीला, साताऱ्यात दिलं आणि मी जत तालुक्यातच राहिले. तिचे कास तलावाकाठचे फोटो बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. यंदा आमच्याकडे टँकर सुरू झाला आणि तिचा फोन आला, "अक्का, पिहूचं पोट सारखं बिघडतंय. ये की." तिची लेक तीन वर्षांची. निघालेच.

जत ते मिरज, मिरजेहून सातारा, सगळा एसटीचा प्रवास. बायकांना अर्धं तिकीट, पण खिडकी हवी असेल तर सकाळची पहिली गाडी धरा. मिरजेत भडंग घ्या, कराडपर्यंत पुरतं. आष्टा ओलांडलं की दोन्ही बाजूंना ऊस. पाटाला पाणी वाहतंय आणि जवळ रांगेत एकही घागर नाही. मला त्या उसाचासुद्धा राग आला.

दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून कासला गेलो. चढ बराच आहे, ब्रेक तपासून घ्या. वाटेत पिठलं-भाकरी झकास मिळते. मग तलाव दिसला. एवढं पाणी! काठाला थोडं शेवाळ दिसलं, तेवढंच बरं वाटलं.

रूपालीने तिथेच कॅन भरला. "नळाला औषधाचा वास येतो. पिहूला मी हेच देते."

"उकळून?"

"एवढं नितळ पाणी कशाला उकळायचं?"

घरी गच्चीवर बघते तर असे पारदर्शक कॅन उन्हात ओळीने मांडलेले. आतून हिरवा, बुळबुळीत थर.

"आगं, शेवाळ हाय हे! आमच्या तळ्याला उन्हाळ्यात हेच येतंय. ते कुजलं की जंतूंची लय चंगळ. वरनं ब्लीचिंग पावडर टाकली तर तिचा जोर शेवाळावरच संपतोय. नळाचं पाणी गाळून, औषध घालून येतंय. तो वास आला की आमी निवांत पितो."

"तुला माझं काहीच चांगलं बघवत न्हाई!" रूपाली रडायलाच लागली.

तिचं अगदीच खोटं नव्हतं. तिच्या पाण्यात खोट निघाली म्हणून मी मनातून सुखावले होते. पण पिहूचे गाल बसले होते. मी तिच्या हातातला पेला काढून घेतला. मी परतताना रूपाली स्टँडवर सोडायलाही आली नाही. कंदी पेढे माझे मीच घेतले.

आठवड्याने तिचा फोन आला. "पिहू भाकरी मागून खाती आता. नळाचंच पाणी देते, उकळून."

माझे डोळे भरून आले. मग विचारलं, "आणि ते कॅन?"

"मोरीत ओतले की. सगळे!"

आमच्यात तेवढ्या पाण्यात आधी कपडे निघाले असते, मग अंगण, मग लिंबाचं रोप. पिहूसाठी मी देवापुढे साखर ठेवली. पण खरं सांगते, रूपालीच्या त्या मोरीचा मला अजून हेवा वाटतो.