जगदेव आणि मुदत संपलेला रोल

कामरगावच्या बसथांब्यासमोर जगदेवचा फोटो स्टुडिओ आहे. सुरुवातीची पंधरा वर्षं त्याने रोलवर फोटो काढले. तेव्हा गिऱ्हाईक श्वास धरून बसायचं, रोल धुवायला अकोल्याला जायचा आणि आठ दिवसांनी जो चेहरा येईल तो लोक मुकाट घरी न्यायचे. आता फोटो निघताच सगळे कॅमेऱ्यामागे गोळा होतात. "दाखवा बरं. परत काढा. रंग जरा उजळ करा." जगदेवला त्याचं वाईट वाटत नाही. डोळे मिटलेला नवरदेव अल्बमात चिकटवण्यापेक्षा हे बरं, असं तो म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात शेषराव आले. गावाबाहेर त्यांचा भाजीमळा. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून प्रयागबाईंसोबत फोटो काढायचा होता.

"मले रोलवरच पाह्यजे."

"काहून काका?"

"पोराचा मोबाईल बिघडला अन् समदे फोटो गेले. नातीच्या बारशाचा एक बी नाई राह्यला."

जगदेवच्या कपाटात एकच रोल होता, मुदत कधीच संपलेला. त्याने तसं सांगितलं. शेषराव म्हणाले, "चालते."

दोघं श्वास धरून ताठ बसले. रोल संपला तरी शेषराव हलेनात. तेव्हा प्रयागबाई म्हणाल्या, "आता तरी दम घ्या, नाई तं या फोटोले आतापासूनच हार घालावा लागन!" शेषराव खो-खो हसले. जगदेवने जवळचा डिजिटल कॅमेरा उचलला आणि न सांगता एक फोटो काढला.

रोल पुण्याहून धुवून आला. त्यावर नुसतं धुकं होतं. जगदेव दोन दिवस कचरला, मग स्वतःच मळ्यात गेला.

"काका, रोल खराब निघाला. मी तवाच नाई म्हणायले पाह्यजे होतं."

शेषरावांनी रोलची पट्टी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. जगदेवने डिजिटलवरचा तो फोटो छापून आणला होता, तो पुढे केला. प्रयागबाईंनी पदराला हात पुसून तो घेतला.

"अवं, हे तं हासून राह्यले! ह्यायचा हासता फोटो घरात एक बी नाई."

"पडका दात दिसते," शेषराव पुटपुटले.

"पुसून देऊ काय काका?"

"राहू दे. माहाच हाये. मोठा करून दे, पण कागदावर. तिन्ही लेकरायच्या घरी एकेक."

तेव्हापासून जगदेव प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, एक तरी फोटो कागदावर घ्या. बहुतेक जण हसतात आणि मोबाईल पुढे करतात. काही घेतात.