झाकण उघडं, ड्रम चालू

"तुमच्याकडची मशीन एकदम बढिया आहे. झाकण उघडलं तरी थांबत नाही," शांता म्हणाली. मी तिच्या घरी चहा पीत होते. कप हातातच राहिला.

शांता आणि मी मिलमध्ये एकाच खात्यात होतो. मिल बंद झाल्यावर ती पीथमपूरला कपडा रंगवायच्या कारखान्यात लागली, मी इंदूरमध्येच शिरीष सरांच्या वर्कशॉपमध्ये. आम्ही मशीनची कंट्रोल पॅनलं बनवतो. शांताच्या हायड्रोचं पॅनल आमचंच. हायड्रो म्हणजे ओला कपडा गरागरा फिरवून पाणी काढणारा मोठा ड्रम. झाकण उघडताच तो बंद झाला पाहिजे. नाहीतर कपड्याबरोबर हातही आत जातो.

मी विचारलं, थांबत नाही म्हणजे?

"कपडा एका बाजूला गोळा झाला की चालत्यातच दाबून देते. जुनी मशीन रुकायची, फालतू टाइम जायचा."

सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी ऑप्शनची फाइल उघडली. आमचा प्रोग्राम सगळ्यांना एकच, पण गिऱ्हाइकाप्रमाणे ऑप्शन वेगळे. झाकण उघडताच ड्रम थांबवणारा स्विच हवा असेल तर फाइलमध्ये येस, नको तर नो. मग कॉम्प्युटर प्रोग्रामचा एकेक तुकडा मशीनला कळेल असा करून जोडतो. याला कंपाइल म्हणतात. ते पॅनलमधल्या चिपमध्ये भरायचं काम माझं. मी चौथी शिकलेली, पण कुठली बटणं दाबायची ते सरांनी शिकवलं होतं.

"ताई, येसच आहे. मैत्रीण मजा घेतेय तुमची."

सरांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरी म्हटलं, "सर, आज तिची सकाळची पाळी आहे. आत्ता ती त्याच ड्रमपाशी असेल."

सरांनी स्कूटरची किल्ली उचलली.

कारखान्यात त्यांनी स्वतः झाकण उघडलं. ड्रम फिरतच राहिला. त्याचा वारा माझ्या तोंडावर आला. सरांनी मेन स्विच खाली ओढला. मागून शांता कौतुकाने म्हणाली, "बघा, सांगितलं होतं ना."

झालं होतं असं. वर्कशॉपच्या टेबलावर झाकण नसतं, म्हणून टेस्टिंगला सर नो ठेवायचे. नंतर येस करून पुन्हा कंपाइल. पण वेळ वाचवायला कॉम्प्युटर फक्त बदललेले तुकडे नव्याने करतो. ऑप्शनच्या फाइलमधला बदल त्याच्या हिशेबातच नव्हता. त्याने झाकणाचा जुना, नोवाला तुकडाच जोडला. फाइलमध्ये येस, चिपमध्ये नो.

अशी पॅनलं अजून काही ठिकाणी गेली होती. सरांनी तिथूनच एकेकाला फोन केला, हायड्रो बंद ठेवा म्हणून.

आम्ही सगळे जुने तुकडे पुसून पहिल्यापासून कंपाइल केलं आणि चिपा बदलल्या. आता ऑप्शन बदलला की आधी पुसायचं, मग कंपाइल. टेबलावर खरा स्विचही लावलाय. फाइलमध्ये काय लिहिलंय ते कुणी विचारत नाही, स्विच दाबून बघतात.

शांता मात्र घरी येऊन भांडली. "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला? दिवसभर मशीन थांबत बसते आता." दोन्ही हात नाचवून बोलत होती. मी त्या हातांकडेच बघत राहिले.