हैबतरावांचं मोडलं, तेव्हा कुठे जुईचं जमलं

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं, कारण मी एका राजकन्येचं लग्न लावून दिलं होतं.

आधीच सांगते, मला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही. पण मोबाइलवर गोष्टी वाचायच्या एका ॲपवर कॉलेजातल्या पोरी दरबारी प्रेमकथांवर तुटून पडतात, असं माझ्या लेकीनं, जुईनं सांगितलं आणि मला लिहायची खुमखुमी आली. महाल, झुंबरं, चिकाच्या पडद्याआडून चोरून बघणं! नायकाला नाव हवं होतं. समोर भिंतीवर आमच्या ह्यांच्या खापरपणजोबांचा फोटो. हैबतराव! ते होते खरंच दरबारात, पण राजाच्या मुदपाकखान्यात, आचाऱ्यांना तूप मोजून द्यायला. मी त्यांना घोडा दिला, तलवार दिली, कुरळे केस दिले (फोटोत पगडी आहे, पण बोडकी कानशिलं खरं बोलतात) आणि हनुवटीवर तीळ असलेल्या राजकन्या चंद्रसेनेच्या प्रेमात पाडलं. शेवटच्या भागात आतषबाजीत लग्न! पोरींनी लाल बदामांचा नुसता पाऊस पाडला. मी हवेत!

घोळ घातला आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या, मुक्काम आमच्याच घरी. त्यांनी गोष्ट वाचली आणि उठून देवापुढे साखर ठेवली.

"म्हणजे आपल्यात राजघराण्याचं रक्त आहे! मला पहिल्यापासून शक होताच."

"आत्याबाई, मी मनानं रचलंय ते सगळं."

"रचलंयस? मग राजा पोह्यांवर सेव घालून खातो, हे तुला कसं कळलं?"

(लिहिताना मी तेच खात होते. पण ऐकतंय कोण!)

जुईचं लग्न सारंगशी ठरलेलं होतं. सारंग पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात इंजिनियर. दोघांनी आपापलंच जमवलं होतं, आम्ही फक्त पोहे केले होते. मुलगी कुठल्या खानदानातून येतेय ते कळू दे त्यांना, म्हणून आत्याबाईंनी माझी गोष्ट सारंगच्या घरी पाठवून दिली.

रविवारी सगळं घर आमच्या दारात! पुढे देपालपूरहून आलेली सारंगची आजी.

"विहीणबाई, तुमची चंद्रसेना म्हणजे आमची पणजी हो!" आजींनी सोफ्यावर बसायच्या आधी हनुवटी वर केली. तीळ! सारंगच्या बाबांनी दाढी बाजूला करून दाखवली. तिथेही तीळ! "आमच्या पणजी महालातच वाढल्या, असं आई सांगायची. लग्न कुणाशी झालं तेवढं माहीत नव्हतं. ते तुम्ही शोधून काढलंत."

आत्याबाईंनी आजींना मिठी मारली. दोघी रडल्या. मी जिलबी वाढली. आणि तेवढ्यात सारंगच्या काकांनी तोंड उघडलं.

"एक मिनट. तुमचे हैबतराव, आमच्या चंद्रसेना. म्हणजे दोन्ही घरं त्याच जोडप्याची. मग जुई आणि सारंग बहीण-भाऊ नाही का लागले?"

आजींनी जिलबी बशीत परत ठेवली. "अगं बाई! एकाच घराण्यात सोयरीक? छे छे, हमारे में नहीं चलता."

"अरे भिया, ती राजकन्या खोटी आहे!" आमचे हे काकांवर ओरडले.

"आमची पणजी खोटी?"

"आजी, तुमच्या पणजी खऱ्या," मी हात जोडले. "पण चंद्रसेना मी जन्माला घातली! भेंडी चिरताना!"

"तुम्हाला वाटतं तसं. तिनं लिहवून घेतलं तुमच्याकडून."

ह्यांनी तुपाचा विषय काढला, तर आत्याबाईंनी असं बघितलं की हे बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागले. खरं तर दोघींपैकी एकीनं आपला हक्क सोडला की काम भागणार होतं. पण पोरांचं लग्न मोडलं तर चालेल, राजघराणं हातचं जाता कामा नये, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं.

मी स्वयंपाकघरात गेले, तशी मागून जुई आली. डोळे लाल. "आई, तुझ्या हिरोइनीचं लग्न धूमधाममध्ये लावलंस. माझं तेवढं मोडलंस ना?"

मला भडभडून आलं. पोरीच्या सुखापुढे कसले बदाम! मी मोबाइल घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "मी शेवट बदलते. हैबतराव आणि चंद्रसेनेचं लग्न होणार नाही. घरं वेगळी, वंश वेगळे."

"हैबतरावांनी नाही म्हटलं असं लिही," आत्याबाई म्हणाल्या. "तीच त्यांच्या मागे होती."

"वाह जी वाह! आमच्या चंद्रसेनेनं नकार दिला!" आजी उसळल्या.

"राजानं दोघांना मनाई केली!" मी किंचाळले.

ते दोघींना पटलं. पण आत्याबाईंचा चेहरा पडला. "मग आपलं राजरक्त कुठून येणार?"

निमूटपणे मी हैबतरावांना शेजारच्या राज्यातली एक राजकन्या आणून दिली. बिनतिळाची. आजींनी नवा भाग मला मोठ्यानं वाचायला लावला, मान डोलावली आणि जिलबी उचलली.

ॲपवरच्या पोरींनी मात्र मला सोलून काढलं. 'काकू, तुम्ही लाइफमध्ये कधी प्रेम केलंय का?' हा त्यातला सगळ्यात सभ्य अभिप्राय. लिहोत बापड्या! जुईचं लग्न थाटात झालं.

मांडवात सारंगकडच्या पुण्याच्या एक मावशी माझ्याजवळ सरकल्या. हळूच म्हणाल्या, "तुम्ही त्या हैबतरावांच्या घराण्यातल्या ना? राजघराणं?"

तूप अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.

मी शालूचा पदर सारखा केला, हनुवटी जराशी वर उचलली आणि म्हटलं, "हो. पण आम्ही ते फारसं कुणाला सांगत नाही."