तिसऱ्या दिवशीची सूज

टीबीच्या टीममध्ये काम केलेली माणसं कुठल्या लग्नात भेटली, की आधी तब्येतीची चौकशी होते आणि मग कुणीतरी एक गोष्ट काढतं. तिला दुसरी चिकटते, दुसरीला तिसरी. वाढपी भात घेऊन तीनदा फिरून जातो, तरी कुणाचं लक्ष नसतं. अशा गोष्टी कुणी मुद्दाम साठवत नाही. पायात कुसळं घुसावीत तशा त्या चालताना आपोआप घुसतात.

मी नर्स होते. पन्नास-साठच्या त्या वर्षांत शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आमची टीम फिरायची. टीम म्हणजे सामंत डॉक्टर, जीप चालवणारे इस्माईलभाई आणि मी. काम सांगायला सोपं होतं. पहिल्या दिवशी गावातल्या प्रत्येकाच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, टेस्टची बारीक सुई द्यायची. तिसऱ्या दिवशी परत येऊन हात बघायचा. सूज आली असेल, तर या शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे आणि शरीराला ती आठवते, असं समजायचं. सूज म्हणजे आजार नव्हे. हात सपाट असेल तर गाठ पडलेली नाही, म्हणून दंडावर बीसीजीची लस टोचायची.

घोळ सगळा त्या तिसऱ्या दिवसाचा. आज इथे सुई, उद्या पलीकडच्या गावात सुई, परवा पुन्हा इथे. ओढ्यात जीप अडकली तरी हात थांबणार नाहीत, दोन दिवस जास्त गेले की सूज उतरू लागणार. मी जेवायला बसले तरी एक पाय जीपच्या दिशेला असायचा.

*

शहापूरकडच्या एका शाळेत आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा पोरांना एक शोध लागला. ज्यांचा हात सुजला त्यांना सुट्टी, ज्यांचा सपाट त्यांना आणखी एक सुई. ही बातमी आमच्या जीपपेक्षा जोरात धावली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेत हात बघायला गेलो, तर चौथीचा अख्खा वर्ग सुजलेला. लालभडक हात, काहींना फोड आलेले, सगळी पोरं खाजवतायत. मी घाबरले. एका वर्गात एवढा टीबी म्हणजे गुरुजींनाच आधी तपासायला हवं. गुरुजी माझ्याहून जास्त घाबरले.

सामंत डॉक्टर मात्र शांतपणे पहिल्या बाकाशी बसले. डोळे मिटून त्यांनी एकेका हातावरून बोट फिरवलं. खरी सूज दिसण्यापेक्षा बोटाला लागते, हे त्यांनी मला तिथेच शिकवलं. रक्तातल्या पेशी एकमेकींना खबर देतात, खबर मिळेल तशा त्या सुईच्या जागी गोळा होतात, आणि त्या गर्दीची एक घट्ट गाठ होते. इथे नुसतीच लाली होती, गाठ नव्हती.

"खाजकुयली कुणी आणली?" त्यांनी विचारलं.

मागून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सगळ्यांनी थोडी थोडी आणली."

दुसरी सुई सगळ्यांना मिळाली. त्याआधी गुरुजींनी सगळ्यांच्या हातांना खोबरेल लावलं, आणि लावता लावता स्वतःही खाजवू लागले.

*

भाताची कापणी झाली की कातकऱ्यांच्या वाड्या रिकाम्या होतात, हे मला नवीन होतं. एका वाडीत मंगळवारी साठ हातांना सुई दिली. गुरुवारी गेलो तर एक म्हातारा आणि दोन कुत्री. बाकी सगळी गवत कापायला गेली होती, मुकादमानं बुधवारीच उचलून नेली होती.

डॉक्टर सरळ जीपमध्ये जाऊन बसले. विचारत विचारत दुपारी आम्ही त्या माळावर पोचलो. मुकादम काम थांबवू देईना. मी एका बाईला म्हटलं, नुसता हात पुढे कर, एक मिनिट. ती वाकलेलीच म्हणाली, "बाई, उजवा हात थांबला तर मुकादम बगतो. डावा थांबला तर गवत पडतं."

सामंत डॉक्टर तिच्याशेजारी वाकले आणि तिच्या डाव्या मुठीतलं गवत त्यांनी स्वतःच्या मुठीत धरलं. ती उजव्या हातानं विळा चालवत राहिली, मी तिचा डावा हात बघितला. अशी आमची रांग चालली. डॉक्टर माणसामागून माणसाचं गवत धरत होते आणि मी हात बघत होते.

संध्याकाळी मुकादम इस्माईलभाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "ह्यो नवा गडी बरा हाय. पर हात लई मऊ हायत त्याचे, टिकायचा नाय."

*

टोकावड्यात सुमन नावाच्या मुलीचा हात सुजला. तिचं लग्न जवळच्या वैशाखरे गावात ठरलेलं. तिचे वडील माझ्या मागे लागले की वहीत सपाट लिहा. मी नाही म्हटलं. वहीत मी काय लिहिलं याला महत्त्व उरलंच नाही, कारण संध्याकाळच्या एसटीनं बातमी वैशाखऱ्याला पोचली होती. पोरीला खोकल्याचा रोग आहे, सोयरीक मोडली, असा निरोप आला. सुमन घराबाहेर पडेना. मी तिला भेटायला गेले तर तिनं माझ्याकडे पाठ केली.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच आठवड्यात वैशाखऱ्यालाही आमची टेस्ट झाली होती. तिसऱ्या दिवशी रांगेत सुमनची होणारी सासू उभी राहिली. तिच्या हातावर चांगली सुपारीएवढी गाठ होती.

डॉक्टरांनी तिला बाजूला बसवलं. तिच्या वयाच्या बहुतेकांना अशी गाठ येते, तिला ना ताप ना खोकला, तिच्या शरीरानं जंतूला ओळखून कोपऱ्यात दाबून ठेवलंय, असं सांगितलं. सुमनचंही तसंच आहे, हेही मुलीच्या वडिलांच्या आधीच घेतलेल्या परवानगीनं सांगितलं. म्हातारीनं गाठीवर पदर ओढला.

"मंग पोरीचा काय दोष? सांगा त्यास्नी, तारीख तीच." ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून तिनं मला हळूच विचारलं, "पर तिची माज्यापरीस ल्हान हाय ना?"

मी हो म्हटलं. ते खरंही होतं.

*

ही पुढची गोष्ट लग्नाच्या पंगतीत कुणी काढत नाही. मी काढते.

सोनूबाबा नावाचा एक म्हातारा शेतकरी होता. हाडं मोजून घ्यावीत असा वाळलेला. त्याचा हात सपाट निघाला. मी त्याला बीसीजी दिली आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही साफ आहात." तो इतका खूश झाला की आम्हाला ओंजळभर चिंचा देऊन गेला.

दोन महिन्यांनी त्याच रस्त्यानं जाताना पाण्यासाठी थांबलो. त्याच्या मुलानं पाणी दिलं आणि सांगितलं की बाबा गेले. शेवटी खोकल्यातून रक्त पडायचं. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणायचे, बाईनं सांगितलंय मी साफ हाय.

मुलाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

जीपमध्ये डॉक्टरांनी मला समजावलं, आणि त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. आजार फार वाढला, अंगात काही उरलं नाही, की शरीरातली खबर द्यायची यंत्रणाच थकते. पेशी हाका मारत नाहीत, कुणी गोळा होत नाही, गाठ येत नाही. म्हणजे सपाट हात दोन तऱ्हेचा असतो, एक ज्याला जंतू भेटलेलाच नाही त्याचा आणि एक हरत आलेल्या माणसाचा. हे मला माहीत असायला हवं होतं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "मी तिथेच उभा होतो. मला माहीत होतं."

मुरबाडला पोचल्यावर मी सगळ्या वह्या काढल्या. सपाट हात, अंगानं वाळलेला, वय झालेला, अशी आठवतील ती नावं लिहिली. अकरा निघाली. पुढचे दोन आठवडे नवीन गाव घेतलं नाही, त्या अकरा दारांत परत गेलो. नऊजण ठणठणीत होते आणि आम्हाला पुन्हा बघून वैतागले. दोघांच्या थुंकीत जंतू सापडले. दोघंही औषधाला लागले.

तेव्हापासून मी हात बघण्याआधी माणूस बघू लागले.

*

टोकावड्याच्या वर डोंगरात एक ठाकरवाडी आहे. तिथे देवजी आणि बुधी हे नवराबायको राहायचे. आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो त्या वर्षी बुधीचा हात टम्म सुजला, देवजीचा अगदी सपाट. देवजीनं त्याच दिवशी बायकोचं पाण्याचं मडकं वेगळं केलं. बुधीनं ते उचलून दाराच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं.

मी देवजीला बीसीजी दिली नाही. त्याची गळ्याखालची वर आलेली हाडं बघितली आणि खोकला येतो का विचारलं. नाय म्हणाला. बुधी मागून म्हणाली, "रानात जाऊन खोकतो, बाई."

थुंकी मुरबाडला तपासली. जंतू होते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि खोकताना तोंडावर फडकं धर, असं बजावलं. मडक्याचा काही संबंध नाही, हेही सांगितलं, पण देवजीनं ते ऐकल्यासारखं केलं नाही. वर्षभर रोज सकाळी बुधी त्याच्यासमोर उभी राहून गोळ्या गिळायला लावायची. त्यानं तोंड उघडून दाखवल्याशिवाय ती रानात जायची नाही.

पुढच्या वर्षी आम्ही वाडीत गेलो तेव्हा देवजी ओळखू येईना. गाल भरले होते, खांद्यावर लाकडाचा भारा होता. मला पण सुई द्या म्हणून हटून बसला. गरज नव्हती, पण डॉक्टर म्हणाले, द्या.

तिसऱ्या दिवशी तो अंगणात बसला आणि हात पुढे केला. मी बोट फिरवलं. घट्ट, गोल, चांगली ठसठशीत गाठ होती. त्याच्या पेशी पुन्हा हाका मारू लागल्या होत्या. माझं बोट तिथंच राहिलं. डॉक्टरांनीही बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

बुधी पुढे आली. आम्ही करायचो तसंच तिनं नवऱ्याच्या हातावरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या हातावरून फिरवलं, जिथं मागच्या वर्षी सूज होती.

"आता तुजं मडकं येगळं," ती म्हणाली.

देवजी उठला, दाराच्या दुसऱ्या बाजूला गेला, आणि तिच्या मडक्यातलं पाणी घटाघटा प्यायला.