कौसल्येच्या नावाचा पुकारा

त्या कायद्याच्या पुस्तकाला एक वास होता... खळीचा, जुन्या पुठ्ठ्याचा, आणि पानांत कुणीतरी कधीकाळी ठेवलेल्या दवण्याचा. दवणा मी ठेवलेला नव्हता.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असे म्हणवत नाही. माझे वडील वऱ्हाडात मराठी शाळेचे मास्तर. त्यांनी मला वृत्ते शिकवली, आर्या पाठ करून घेतल्या, आणि अंधारात काही दिसले तर आधी दिवा लावून पाहावे हेही शिकवले. पण मी सांगते आहे ते भर दुपारी घडले, लख्ख उन्हात. तिथे दिवा कुठे लावायचा?

गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी. आज आपण ज्याला हिंगोली जिल्हा म्हणतो तो मुलूख तेव्हा निजामाचा. कोर्टकचेरी उर्दूतून चाले. आमचे हे हैदराबादेला वकिलीच्या वर्गात शिकत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. बाकीचे सारे विषय सुटले होते. फक्त जाब्ता दिवाणी, म्हणजे दिवाणी दावा चालवण्याची रीत, तेवढी अडली होती. ज्या वर्षी कौसल्या गेली, त्या वर्षी अडली होती.

कौसल्या ह्यांची पहिली बायको. मी दुसरी. रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात होता. नवे लुगडे आले की आधी त्या टाकाला लावायचे, मग मी नेसायचे. आंबा चिरला की पहिली फोड तिची. त्या घरात माझ्या वाट्याला येणारे प्रत्येक सुख आधी तिच्या ओठांना लागून येई. हे पहाटे ओसरीवर कलमे घोकत, आणि मला न समजणाऱ्या त्या उर्दूची लय मी चुलीशी बसून एखाद्या छंदासारखी ऐकत असे. मग पुस्तकातले दवणा ठेवलेले पान येई, आणि लय थांबे... ती शांतता किती वेळ टिकते, हे माझ्याइतके कुणी कान देऊन ऐकले नसेल.

वैशाखातली दुपार होती. शेजारची सारी मंडळी लग्नाला गेली होती, त्यांच्या घराला कुलूप होते. ओसरीवर हे लोडाला टेकून मला दिवाणी समजावून सांगत होते. मला सांगितले की त्यांना पाठ होई.

"आणि मुद्दालेह आलाच नाही तर?" मी विचारले. मुद्दालेह म्हणजे प्रतिवादी, एवढे आता मला कळू लागले होते.

"चपराशी दाराशी उभा राहून तीनदा पुकारतो. तरी आला नाही, तर एकतर्फी हुकूम. दाव्यात मागितलेलं वादीच्या पदरात."

"मग घ्या लिहून माझा दावा. मुद्दालेह, कौसल्याबाई. मागणी, कब्जा."

"कशाचा?"

"समोर बसलाय त्याचा."

हे हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मेलेल्या माणसावर दावा चालत नाही. फेटाळला."

"मेलेली? सकाळी आंब्याची पहिली फोड कुणी खाल्ली? संक्रांतीचं लुगडं आधी कोण नेसलं? खायला-नेसायला जिवंत, आणि कोर्टात बोलावलं की मेलेली?"

आतून सासूबाई ओरडल्या, "काहून कालवा करून राहिला गं? डोळा लागू देता का न्हाई?"

"काही नाही आत्याबाई, मुकदमा चाललाय."

"चालू द्या. पर हळू चालू द्या, माय!"

ह्यांनी आवाज उतरवला. "समन कुठं बजावलंस? समन बजावल्याशिवाय पुकारा होत नाही."

"माणूस सापडत नसेल तर?"

"राहत्या घराच्या दाराला डकवायचं."

"तिचं राहतं घर माझ्या गळ्यात आहे," मी म्हणाले. कागदाचा एक कपटा रांजणाच्या पाण्यात भिजवला आणि टाकावर चिकटवला. "बजावलं!"

ह्यांनी मला थांबवले नाही.

मी ओसरीच्या पायरीवर उभी राहिले, पदर खोचला आणि चपराशाचा सूर लावला. "कौसल्याबाई हाजिर है?" अंगणातल्या उन्हात तो सूर क्षणभर तरंगला आणि विरला. दुसऱ्यांदा पुकारताना मला मजा वाटत होती. खोटे कशाला सांगू? तिसऱ्यांदा मी तिचे नाव अक्षर अक्षर ताणून पुकारले, सुपात धान्य पाखडताना शेवटची फोलपटे उडवावीत तसे.

आणि टाक गार पडला. वैशाखाच्या दुपारी चांदी अंगाला चटका देते; ती विहिरीच्या तळच्या पाण्यासारखी गार झाली.

मी वळले. हे उभे होते. धोतराचा सोगा सारखा करून, कुणी मोठ्या अंतरावरून आल्यावर उभे राहावे तसे, दाराकडे पाहत. त्यांच्या चेहऱ्यावर उमटले ते भय नव्हते. भय असते तर मी आजवर इतकी जळले नसते.

आतून आत्याबाईंचा झोपाळू, हळवा आवाज आला, "कौसल्ये?... कवा आलीस गं?"

मी मात्र काहीही ऐकले नाही. एक अक्षरसुद्धा नाही.

"काय झालं?"

"तू ऐकलं नाहीस?" ह्यांनी विचारले. त्या प्रश्नात माझ्याबद्दल कणव होती. ती कणव मी त्यांना कधीही माफ केली नाही.

"काय म्हणाली ती?"

त्यांनी पुस्तक मिटले. "दावा संपला," म्हणाले, आणि उन्हात बाहेर निघून गेले.

मी पुष्कळ विचार केला आहे. ओल्या कागदाने चांदी गार पडली असेल... पण कागद लगेच वाळून गळून पडला, आणि टाक दिवेलागणीपर्यंत तसाच राहिला. उन्हाच्या गुंगीत भास झाला म्हणावे, तर दोन माणसांना दोन ठिकाणी एकाच क्षणी तो कसा व्हावा? आणि पुकारणारी मी असताना मलाच तेवढे वगळून? आज ते दोघेही नाहीत. माझ्याजवळ खुलासा नाही. मत्सर मात्र आहे, आणि तो निवला नाही याचे कारण आत्याबाईंनी सांगितलेली एक गोष्ट.

त्याच वर्षी हे पास झाले. पेढे आले. आत्याबाईंनी पहिला पेढा माझ्या गळ्यातल्या टाकाला लावला, तशी मी रडू लागले. "हाही तिचाच का, आत्याबाई?"

"काहून जळतीस गं पोरी? तिनं त तू पुकारलंस त्या दिशीच मिटवून टाकलं."

"काय मिटवलं? मला कुणी सांगतच नाही."

त्या माझ्याजवळ टेकल्या. माझे डोळे त्यांनी स्वतःच्या पदराने पुसले. "आगं, तुह्याआधी ह्यो तिच्यासंगं बी असंच कोर्ट मांडायचा. सोता मुन्सिफ होऊन निवाडा द्यायचा, तिला मुद्दालेह करायचा. ह्याला वाद घालायची लई हौस, आन् तिला चुलीवरच्या दुधाचा घोर. मंग ती काय करायची? एकच शब्द बोलायची न् हसत आत पळायची. मंग मुकदमा खतम! त्या दिशी बी तेवढंच बोलली. तिचाच आवाज, व्हय... म्या आयकला की."

"कोणता शब्द?"

आत्याबाई माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मग अगदी हलक्या, कुणा दुसरीच्या वाटाव्या अशा सुरात म्हणाल्या,

"कबूल."