घोंगड्याचे दोरे

खळीचा आंबूस वास आला, की मला सोलापूरची विणकरांची गल्ली आठवते. मी पुण्यात कॉलेजात होतो. सुट्टीत घरी, सांगोल्याला जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलायची सोडून मी आधी सोलापूर गाठत असे, इतके ते शहर मला आवडे. पहाटे गिरण्यांचे भोंगे होत, आणि गल्लीभर ताणलेल्या ओल्या सुतावर खळीचा कुंचा फिरवीत माणसे मागेपुढे चालत. तिथल्या एका म्हाताऱ्या तेलुगू विणकराला मी नाना प्रश्न विचारी आणि उत्तरे वहीत टिपून घेई. चौथ्या खेपेला हातातला कुंचा न थांबवता त्यानेच विचारले, "तुज्या घरी काय करत्यात रं?" कॉलेजात मी हे लपवीत असे, पण खळीचा तो वास आमच्या घरचाच होता, म्हणून असेल, खरे बोलून गेलो. "वडील घोंगडी विणतात, मामा." "मग सांग की, घोंगड्याला उभे दोरे किती?" मी वहीची पाने चाळू लागलो. तो मोठ्याने हसला. "आगगाडीनं लोकाचा माग बघाय येतोस, आन् बापाचा बघितला न्हाईस व्हय? जा, इचारून ये. मग पुढचं सांगतो." दुपारच्याच गाडीने मी निघालो, आणि घरी पोचल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी वडिलांना तेच विचारले. आजवर मी त्यांच्या कामाचे काही विचारलेच नव्हते. ते मागावर जरा सरकून शेजारी जागा करीत म्हणाले, "बस. मोज की." पदवीच्या कागदाशेजारी ती वही अजून आहे, सोलापूरची चार पाने, आणि पुढची सगळी वडिलांची.